डाव्या डोळ्याचा हिशेब

माझ्या धाकट्या बहिणीला बसचा नंबर दिसला नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

रविवारची सकाळ होती. सिंगापूरमधल्या बेडोकच्या बसस्टॉपवर आम्ही दोघी उभ्या होतो. ती तिथेच एका फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेऊन राहायची, मी मरीन परेडला. माझा नवरा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले बरेच महिने समुद्रावर, त्यामुळे आम्हा बहिणींचे रविवार एकत्रच जायचे. समोरून बस आली. तिच्या काचेवर ऊन लखलखत होतं. बहीण म्हणाली, "ताई, नंबर वाच ना. उन्हात मला सगळं पांढरंच दिसतं हल्ली."

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

"असतील दोन-तीन महिने. चष्म्याचा नंबर वाढला असेल."

हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, नाश्त्याला बसल्यावर तिने फोनवरचा मेसेज वाचायला उजव्या हाताने डावा डोळा झाकला. सहज, सवयीने. मी ते बघितलं आणि त्याच आठवड्यात तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

त्या बाई शांतपणे बराच वेळ तपासत होत्या. मग त्यांनी विचारलं, "मधुमेह? स्टेरॉइडच्या गोळ्या? डोळ्याला कधी मार?" सगळ्याला नाही. "काम काय करता?"

"नर्स आहे. कॅथलॅबमध्ये. मनगटातून नाहीतर जांघेतून हृदयापर्यंत नळी घालतात ना, तिथे."

"म्हणजे एक्स-रे चालू असताना जवळ उभ्या राहता."

"हो. सहा-सात वर्षं झाली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. भिंगाच्या मागच्या बाजूला. म्हातारपणी होतो तो बहुतेक वेळा असा नसतो. उजव्यातही सुरुवात दिसते. कारण मी खात्रीने सांगू शकत नाही. पण तुम्ही जिथे उभ्या राहता तिथे जरा चौकशी करा."

माझी बहीण तेव्हा चौतिशीत होती.

मला ती चौकशी करायला दुसरीकडे जायची गरज नव्हती. माझा धंदाच तो. मी वैद्यकीय भौतिकीवाली. पुण्यात एम.एस्सी. केलं, मुंबईत किरणोत्सर्गाच्या सुरक्षेचं प्रशिक्षण घेतलं आणि सिंगापूरच्या एका छोट्या कंपनीत लागले. दवाखान्यांची एक्स-रे यंत्रं तपासायची आणि तिथे काम करणाऱ्यांना किती डोस मिळाला ते मोजायचं, हे आमचं काम. बहिणीचं हॉस्पिटल आमचं गिऱ्हाईक नव्हतं. तिथल्या लोकांचे किरण मोजणारे बॅज दुसरी कंपनी वाचायची. त्यामुळे तिचे आकडे मी कधी पाहिलेच नव्हते. तिनेही कधी सांगितले नाहीत, कारण ते नेहमी जवळजवळ शून्यच यायचे.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "बॅज कुठे लावतेस?"

तिने छातीवर हात ठेवला. "इथे. एप्रनच्या आत."

"एकच?"

"एकच."

"गळ्याशी, एप्रनच्या बाहेर, दुसरा नाही दिलेला?"

"नाही. ताई, तू असं बघू नकोस, मला भीती वाटते."

एप्रन शिशाचा असतो. किरण अडवण्यासाठीच तो घालायचा. त्याच्या आत लावलेला बॅज सांगतो ते झाकलेल्या छातीबद्दल, उघड्या चेहऱ्याबद्दल नाही. आणि याहून वाईट गोष्ट पुढे आहे. शरीराला मिळालेला डोस म्हणजे एक आकडा, असं लोकांना वाटतं. तो आकडा बनवलेला असतो. तेच किरण फुप्फुसाला जेवढा अपाय करतात तेवढा कातडीला करत नाहीत. म्हणून आधी प्रत्येक अवयवाला किती मिळालं त्याचा अंदाज घ्यायचा. मग अस्थिमज्जा, फुप्फुस, पोट, स्तन अशा ज्या अवयवांना कर्करोगाचा धोका जास्त, त्यांना जास्त वजन द्यायचं, कातडी आणि हाडाच्या पृष्ठभागाला कमी द्यायचं, आणि शेवटी बेरीज करायची. ती बेरीज म्हणजे सगळ्या शरीराचा डोस. त्या बेरजेत डोळ्याच्या भिंगाला जागाच नाही. भिंगाला कर्करोग होत नाही, म्हणून त्याला वजन नाही. त्याचा डोस वेगळा मोजायचा आणि वेगळ्या मर्यादेशी ताडून पाहायचा. कुणी वेगळा मोजलाच नाही, तर त्या माणसाला कागदावर डोळे नसतात.

माझ्या बहिणीला सहा-सात वर्षं कागदावर डोळे नव्हते.

मी तिला म्हटलं, तुम्ही तिथे कसे उभे राहता ते करून दाखव. तिने जेवणाचं टेबल म्हणजे रुग्ण असं धरलं. टेबलाखाली एक्स-रे सोडणारी नळी. किरण खालून वर, रुग्णाच्या छातीतून जातात, आणि त्याच छातीवर आपटून चहूकडे विखुरतात. जवळच्या माणसांना लागतात ते हे विखुरलेले किरण, खालून वर, थेट चेहऱ्याकडे. छातीच्या सगळ्यात जवळ डॉक्टर. त्यांच्या उजव्या हाताला ती.

"रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून नळीतून रंग सोडतात, तो सोडायला मला पुढे बोलावतात. यंत्राने सोडता येतो, पण सरांना हाताने सोडलेला आवडतो. मग मी अशी वाकते." ती टेबलावर झुकली. डावा गाल छातीच्या दिशेने.

"आणि त्या वेळी त्यांच्या पायाखालचं पेडल दाबलेलं असतं? एक्स-रे चालू?"

"चालूच असतो. त्याशिवाय रंग दिसणार कसा?"

"छताला टांगलेली शिशाची काच असेल ना मध्ये?"

"सर ती बाजूला सरकवतात. हाताला अडते म्हणतात. एकदा मी पुढे ओढली होती. सगळ्यांसमोर म्हणाले, 'तुला काचेमागेच राहायचं असेल तर बँकेत नोकरी कर.' सगळे हसले. नंतर मी नाही ओढली."

"शिशाचे चष्मे?"

"एक जोडी आहे सगळ्यांत मिळून. माझ्या नंबरच्या चष्म्यावर बसत नाही."

मी उठून गॅलरीत गेले. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. अजाणतेपणी झालं असतं तर मी कदाचित सोडून दिलं असतं. तो माणूस रुग्णांना किरणांचे धोके समजावून सांगायचा. त्याला सगळं माहीत होतं.

मी त्याला भेटायला गेले. बहिणीला न सांगता नव्हे, पण तिच्या मनाविरुद्ध. ती म्हणाली होती, "ताई, माझा वर्क पास, इथे काम करायचा परवाना, त्या हॉस्पिटलच्या नावावर आहे. त्यांनी काढलं तर मला परत जावं लागेल." मी म्हटलं, मी फक्त बोलणार आहे.

पन्नाशीचा, उंच, हसतमुख माणूस. भिंतीवर पदव्या, टेबलावर कॉफी. त्याने मला बसवलं, पाच मिनिटं माझं ऐकलं, मग बहिणीचे बॅजचे आकडे स्क्रीनवर उघडून माझ्यासमोर वळवले.

"हे पाहा. तुम्ही या क्षेत्रातल्या आहात म्हणता, मग तुम्हाला वाचता येईल. विमानाने भारतात जाऊन येताना जेवढं मिळतं, त्याच्याशी तुलना करण्याइतकं हे आहे."

"हे एप्रनच्या आतलं आहे, डॉक्टर. मी डोळ्याबद्दल विचारते आहे."

"शरीर एकच असतं." तो हसला. "तुमची बहीण केळी खाते का? केळ्यातही किरणोत्सर्ग असतो."

मी स्क्रीनवरचे आकडे वाचत राहिले. त्याला वाटलं, मी निरुत्तर झाले. मग तो मऊ आवाजात म्हणाला, "तुमचं समाधान होत नसेल तर तिचं रक्त तपासा. किरणांनी पेशींतली गुणसूत्रं तुटतात, ती मोजता येतात. मीच व्यवस्था करून देतो."

हे ऐकलं आणि मला त्या माणसाची खरी जात कळली. रक्ताची तपासणी खरी असते आणि मोठ्या अपघातात फार उपयोगी पडते, पण ती सांगते ती सगळ्या शरीराची गोष्ट. बहिणीचं धड एप्रनमध्ये झाकलेलं होतं. रक्तात काही दिसलं नसतं, आणि तो निर्मळ निकाल त्याने आयुष्यभर आमच्या तोंडावर फेकला असता. तो माझ्यासाठी सापळा लावत होता, तोही मदतीच्या आवाजात.

"विचार करते," असं म्हणून मी उठले. खाली उतरताना लिफ्टमध्येच मी ठरवलं की या माणसाला उभं राहायला जागा ठेवायची नाही. त्याच्यावर ओरडायचं नाही, इंटरनेटवर काही लिहायचं नाही. मला जे येतं तेच करायचं, आणि इतकं स्वच्छ करायचं की त्याला पळायला एक फट सापडता कामा नये.

बहिणीला तयार करायला वेळ लागला. ती रडली, माझ्यावर चिडली, म्हणाली, "तुला तो हसला म्हणून राग आलाय. डोळा माझा आहे." तिचं अर्धं खरं होतं. पण एक दिवस कॅथलॅबमध्ये तिच्याकडून इंजेक्शनच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचताना चूक होता होता राहिली. शेजारच्या नर्सने वेळेवर हात धरला. त्या संध्याकाळी तिनेच फोन केला. "ताई, काय लिहायचं ते सांग."

तक्रार हॉस्पिटलच्या सुरक्षा समितीकडे गेली. समितीला बाहेरच्या कुणाकडून तरी मोजणी करून घ्यायची होती. अशी मोजणी करणारे तिथे मोजकेच, आणि विचारणा आमच्या कंपनीकडे आली. मी माझ्या वरिष्ठांना लगेच सांगितलं की ही माझी सख्खी बहीण आहे. त्या चिनी वंशाच्या, निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मग तू एकही आकडा वाचणार नाहीस. मांडणी तू कर, वाचन मी करीन. आणि त्यांना हे लेखी कळवू. त्यांची हरकत असेल तर काम सोडू."

हरकत आली नाही. नंतर कळलं, समितीच्या बैठकीत डॉक्टर स्वतःच म्हणाला होता, "येऊ दे तिला. म्हणजे उद्या आम्ही काही लपवलं असं म्हणता येणार नाही." माझ्या शत्रूने मला स्वतःच्या हाताने दार उघडून दिलं. त्याच्या गर्विष्ठपणाचे मी आजही आभार मानते.

एका सुट्टीच्या दिवशी कॅथलॅब आम्हाला रिकामी मिळाली. रुग्णाच्या जागी आम्ही प्लास्टिकच्या जाड लाद्यांचा ठोकळा ठेवला. तो माणसाच्या छातीसारखेच किरण विखुरतो. डॉक्टरच्या आणि बहिणीच्या जागी स्टँडवर दोन प्लास्टिकची डोकी, बरोबर त्यांच्या उंचीची. बहिणीच्या डोक्याला मी तिच्यासारखंच पुढे झुकवलं. डोळ्यांच्या जागी, गळ्याशी, एप्रनच्या आत आणि बाहेर, बोटांवर, सगळीकडे डाळीच्या दाण्याएवढ्या चिप्स चिकटवल्या. या चिप्स एका क्षाराच्या असतात. त्या किरणांची ऊर्जा धरून ठेवतात, आणि नंतर तापवल्या की मंद उजेड देतात. जितका उजेड, तितका डोस. एकदा तापवली की चिप पुसली जाते, दुसऱ्यांदा तेच विचारता येत नाही. म्हणून वाचणाऱ्याचा हात स्थिर लागतो. माझा नव्हता. वरिष्ठ बाई म्हणाल्या होत्या ते बरोबरच होतं.

आधी काच बाजूला सरकवून यंत्र चालवलं, मग काच मध्ये आणून. बाकी सगळं तसंच.

मग खऱ्या माणसांची पाळी. काही आठवडे कॅथलॅबमधल्या सगळ्यांनी कपाळाला पट्टी बांधून काम करायचं, पट्टीत दोन्ही भुवयांपाशी चिप्स. मी स्वतः जाऊन समजावून सांगितलं. डॉक्टरने पट्टी बोटाने उचलून पाहिली. "टेनिस खेळायचंय का?" सगळे हसले. माझी बहीणही सवयीने हसली, आणि मला तिचाही राग आला.

"तुमची इच्छा नसेल तर तसं नोंदवते," मी म्हटलं.

"बांधतो की. तुम्हाला जे शोधायचंय ते शोधा." आणि त्याने खरंच बांधली, रोज, प्रत्येक केसला. काच मात्र त्याने एकदाही पुढे ओढली नाही. ती सवय कुणासाठी बदलण्याची त्याची तयारी नव्हती. तेवढ्या प्रामाणिकपणाने त्याने आपला खड्डा आपणच खणला.

वाचनाच्या दिवशी मी शेजारच्या खोलीत बसले. वरिष्ठ बाई एकेक चिप तापवत होत्या. दुपारी त्यांनी मला आत बोलावलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. एप्रनच्या आतला आकडा किरकोळ, बॅज सांगत होता तसाच. गळ्याशी, एप्रनच्या बाहेर, तो कित्येक पट. बहिणीच्या डाव्या डोळ्याचा जवळपास गळ्याएवढा, उजव्याचा त्याहून बराच कमी. ठोकळ्याच्या चाचणीत काच मध्ये आणताच हे सगळे आकडे इतके कोसळले होते की बाईंनी ते दोनदा तपासले.

आणि सगळ्यात मोठा आकडा कपाळपट्ट्यांमधल्याच एका चिपचा होता. डॉक्टरच्या डाव्या डोळ्याचा.

आता मागची वर्षं. यंत्र प्रत्येक केसमध्ये किती किरण सोडले ते साठवून ठेवतं. तेवढ्या किरणांमागे डोळ्याला किती मिळतं, ते आम्ही मोजलं होतं. त्या प्रमाणाने मागे जात गेलं की वर्षांचा अंदाज येतो. अंदाजच, नेमकं नव्हे. जिथे शंका आली तिथे मी डॉक्टरच्या सोयीचा, म्हणजे कमीचा आकडा धरला. मला दया आली म्हणून नाही. त्याच्या वकिलाला एकही जागा सापडू नये म्हणून. तरीसुद्धा बहिणीच्या डाव्या डोळ्याची सगळ्या वर्षांची बेरीज, ज्यापुढे मोतीबिंदू होऊ शकतो, त्या उंबरठ्यापलीकडे गेली.

पण एक अडचण होती, आणि ती माझ्या जिव्हारी लागली. त्या वर्षांत डोळ्याला एका वर्षात चालणाऱ्या डोसची मर्यादा खूप खाली आणायला हवी असं जगभर तज्ज्ञ सांगू लागले होते, पण तिथे लागू होती ती जुनी, उंच मर्यादा. नव्या मर्यादेने पाहिलं तर बहिणीचा डोळा कधीच पलीकडे गेला होता. जुन्या मर्यादेने ती आत होती. कायद्याने तिच्यासाठी कुणाला काही करणं भाग नव्हतं. शिफारशी लिहिता आल्या असत्या, आणि शिफारशी कपाटात जातात.

जुनी मर्यादाही ओलांडलेला डोळा एकच होता. त्याचा.

मर्यादा ओलांडली की सरकारी नियामकांना कळवावं लागतं, माणसाला किरणांच्या कामातून काढून तपासावं लागतं, आणि असं का झालं याची चौकशी सगळ्या विभागाची होते. म्हणजे माझ्या बहिणीचा न्याय त्या माणसाच्या डोळ्यातून जात होता.

समितीला प्राथमिक आकडे कळल्यावर त्याने मला फोन करून भेटायला बोलावलं. मी म्हटलं, मरीन परेडला या, आमच्या खाली कॉफी शॉप आहे. तो आला. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. या वेळी हसत नव्हता. पुढच्या महिन्यात परदेशी डॉक्टरांसमोर त्याचं एक प्रात्यक्षिक होतं, आणि विभागप्रमुखपदावर त्याच्या नावाचा विचार चालू होता.

"तुमच्या बहिणीसाठी मी करतो," तो म्हणाला. "नवे चष्मे, दुसरी ड्युटी, हवं ते. अहवालात तिचे आकडे सगळे द्या, मी विरोध करणार नाही. फक्त माझ्या डोळ्याचे आकडे वगळा. मी काही तक्रार केलेली नाही. माझा डोळा ही माझी खाजगी बाब आहे."

"तुम्हाला डाव्या डोळ्याने त्रास होतो का?" मी विचारलं.

त्याने कॉफी ढवळली. "थोडा. समोरून दिवा आला की."

मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला त्याचं ऐकायची फार इच्छा झाली. त्याचा आकडा वगळला असता, तर तो तसाच उभा राहिला असता, काच सरकवून, पेडल दाबून, वर्षानुवर्षं. माझ्या बहिणीला जे झालं तेच त्याला झालं असतं, पूर्णपणे, त्याच्याच हट्टाने, माझ्या एका होकाराने. मला तो उन्हात बसचा नंबर शोधताना दिसला. ते चित्र मला इतकं गोड वाटलं की मी उत्तर द्यायला वेळ लावला. आकडा दिला, तर मी त्याला त्या खोलीतून बाहेर काढणार होते. त्याचा डोळा वाचवणार होते. मला तो वाचवायचा नव्हता.

पण त्याच्या शेजारी रोज दुसरी कुणीतरी वाकणार होती. आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी तो टाळ्या घेत उभा असेल, हेही मला सहन होणार नव्हतं.

"खाजगी नाही, डॉक्टर," मी म्हटलं. "शरीर एकच असतं असं तुम्ही म्हणाला होतात. पण मोजताना प्रत्येक अवयव वेगळा मोजतात. तुमचाही मोजलाय. तो जसा आहे तसा जाईल."

"तुम्ही सूड घेताय."

"हो," मी म्हटलं. "पण आकडे माझे नाहीत. ते मी वाचलेलेही नाहीत."

तो उठून गेला. कॉफी तशीच राहिली. मी माझी संपवली.

अहवाल गेला. आठवड्याच्या आत त्याला कॅथलॅबमधून बाहेर काढलं. तपासणीत त्याच्या डाव्या भिंगात मोतीबिंदूची सुरुवात दिसली, बहिणीइतकी नव्हे, पण त्याच जागी. प्रात्यक्षिक दुसऱ्याने केलं. प्रमुखपद दुसऱ्याला गेलं. चौकशीत त्याला विचारलं गेलं की काच का सरकवली जात होती, आणि त्या खोलीतल्या माणसांनी, जी त्याच्या विनोदांवर हसायची, एकेकाने खरं सांगितलं. आता तिथे दोन बॅज लावतात, डोळ्यापाशी तिसरा. काच मध्ये आल्याशिवाय केस सुरू होत नाही. चष्मे प्रत्येकाच्या नंबरचे आहेत. तो पुढे ओपीडीत बसायला लागला, नुसते रुग्ण तपासायला. मला कुणीतरी सांगितलं की त्याला पेडलची फार आठवण येते. ऐकून मी त्या दिवशी घरी शिरा केला. खोटं कशाला बोलू?

बहिणीचं ऑपरेशन झालं. आता तिच्या डाव्या डोळ्यात कृत्रिम भिंग आहे. लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचं वाचायला वेगळा चष्मा लागतो, पस्तिशीत. तिची बदली वॉर्डात झाली. कॅथलॅब तिला आवडायची. तिथल्या दोघी-तिघींनी तिच्याशी बोलणं सोडलं, कारण त्यांचे सर गेले. "तू जिंकलीस ताई," एकदा ती म्हणाली, "पण कॅथलॅब माझी गेली."

वर्षभराने एका शनिवारी आम्ही पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो. छोट्या बोटीतून उतरलो, सायकली घेतल्या, आणि दुपारी एका झाडाखाली शहाळं प्यायला थांबलो. तिथे ती म्हणाली, "एक सांगायचं होतं. रागावू नकोस. सरांचा फोन आला होता."

"कशाला?"

"त्यांचा मोतीबिंदू वाढलाय. ऑपरेशन करायचंय. माझं कुणी केलं ते विचारत होते. मी नाव दिलं. मग विचारलं, करताना कळतं का, दुखतं का, नंतर कसं दिसतं. तर मी भेटले त्यांना. बसून सगळं सांगितलं."

"तू त्याला भेटलीस? त्याला धीर दिलास?"

"माणूस घाबरला होता ताई. हात गार पडले होते. इतकी वर्षं लोकांच्या हृदयात नळ्या घातल्या, पण स्वतःच्या डोळ्याला कुणी हात लावणार म्हणून त्याची झोप गेली होती. माझी माफी मागितली त्याने."

"आणि तू दिलीस."

"दिली. माझा डोळा होता. मी दिली." तिने शहाळं खाली ठेवलं. "तू नको देऊस. तुला कुणी सांगितलंय? पण आता पुरे झालं ना तुझं? आणखी काय हवंय तुला?"

मी विचार केला. समोरून सायकलवाल्यांचा एक घोळका गेला, पोरांच्या हसण्याचा आवाज झाडांत विरला. त्या माणसाचं मला आणखी काही नको होतं. पद, मान, कॅथलॅब, सगळं गेलं होतं, आणि त्यातलं बरंचसं माझ्या हातून. तरी आत काहीतरी अजून भुकेलं होतं आणि ते मला लपवावंसं वाटलं नाही.

"तो घाबरला होता, ते पुन्हा सांग," मी म्हटलं.

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मग सायकलवर बसली आणि धक्क्याच्या दिशेने निघाली.